सदाशिव पेठेतलं सीए ऑफिस: नेटवर्कच्या नोंदी, जून–जुलै २०२४

८ जून, शनिवार

पहिली भेट. वाड्याचा उरलेला अर्धा भाग आहे. खाली मालक आजोबा राहतात, वर सीए मॅडमचं ऑफिस. दोन मोठ्या खोल्या, मधे दीड फुटी भिंत, डोक्यावर फायलींनी भरलेला पोटमाळा, पुढे लाकडी कठड्याची गॅलरी. माणसं अकरा, त्यांतली पाच आर्टिकलशिपची (सीएचं काम शिकणारी) मुलं. यंत्रं मोजली: डेस्कटॉप आठ, लॅपटॉप तीन, प्रिंटर दोन, हजेरीचं अंगठ्याचं मशीन एक, कॅमेरे चार.

तक्रार एकच, आणि सगळ्यांच्या तोंडी तीच: "वायफाय स्लो आहे."

फायबरचा डबा (बाहेरचं नेट आत आणणारा, वायफायही त्याचंच) पोटमाळ्यावर. तिथून एक वायर ऑफिसातल्या अण्णांच्या टेबलाखालच्या स्विचला (अनेक वायरी एकत्र जोडणारा डबा), तिथून दुसरी मागच्या खोलीतल्या स्विचला. हा दुसरा इतका जुना की शंभर एमबीपीएसच्या वर जातच नाही. आठांपैकी पाच डेस्कटॉप यूएसबीच्या वायफाय डाँगलवर. आणि टॅलीचा सगळा डेटा कुठे? अण्णांच्या पीसीवर, शेअर केलेल्या फोल्डरमध्ये. म्हणजे पलीकडच्या खोलीतल्या मुलीनं लेजर (खातं) उघडलं की तो हवेतून भिंत ओलांडून पोटमाळ्यावर जातो, तिथून वायरनं अण्णांकडे, आणि त्याच वाटेनं परत.

फायबरच्या डब्याशेजारी उभं राहून मोबाईलवर नेट मोजलं: ९४ एमबीपीएस. प्लॅन शंभराचा आहे, म्हणजे बाहेरून येणारं नेट ठीक. मग एक जीबीची फाइल अण्णांच्या मशीनवरून कॉपी केली. वायरवरच्या पीसीला दीड मिनिट, डाँगलवाल्याला पावणेसात मिनिटं. टाकी भरलेली आहे, घरातले पाइप तुंबलेत.

मॅडम म्हणाल्या, "अहो, आता सगळीकडे वायरलेसच असतं ना? भिंती कशाला फोडायच्या?" मी म्हटलं, जे टेबल कधी हलत नाही त्याला हवेतून जोडायचं कारण नाही. फोन आणि लॅपटॉप हलतात, हवा त्यांच्यासाठी मोकळी ठेवू. शिवाय टॅलीत एन्ट्री चालू असताना जोडणी तुटली तर काय होतं ते अण्णांना विचारा. अण्णांनी नुसती मान हलवली. ते त्यांना दोनदा भोगावं लागलंय.

मुदत: जून संपायच्या आत. ३१ जुलैला आयकराचं रिटर्न भरायची शेवटची तारीख. मॅडमची तंबी: "जुलैत तुम्ही ऑफिसात दिसलात तर तुम्हालाच रिटर्न भरायला बसवीन."

१० जून, सोमवार

भाच्याला घेऊन मोजमाप. हा माझा बिनपगारी मदतनीस, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

पुढच्या खोलीत सिग्नल उणे ४८ (शून्याच्या जितका जवळ तितका जोरदार), मधली भिंत ओलांडली की उणे ७९. भाचा म्हणाला, "मामा, एकतीसचाच तर फरक आहे." ही मोजणी साध्या बेरजेची नाही. दर तीन डेसिबलला ताकद निम्मी, दर दहाला दहावा हिस्सा. एकतीस म्हणजे हजारातला एक भागसुद्धा पलीकडे पोचत नाही. विटा-मातीची भिंत, तिला लागून फायलींची लोखंडी कपाटं, दुसरं काय होणार?

वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर आजूबाजूची २७ नेटवर्क दिसली. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. कुणीतरी ३ वर बसलाय, कुणी ८ वर; ते दोन्ही बाजूंच्यांना त्रास देतात. भर म्हणून ऑफिसनं गेल्या वर्षी एक्स्टेंडर (वायफाय पुढे पोचवणारा डबा) लावलाय. तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर. उणे ७९ ऐकून तो पुढे काय सांगणार?

ठरलेले पॉइंट: टेबलं आठ, प्रिंटर दोन, हजेरी एक, कॅमेरे चार, वायफायचे ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारे डबे, दोन (खोलीला एक), आणि तीन जादा. एकूण वीस. सर्वांत लांब ओढ ३१ मीटर, सरासरी १७. कॅट सिक्स केबलला शंभर मीटरची मर्यादा आहे, तेव्हा अंतराची काळजी नाही. वीस गुणिले सतरा, तीनशे चाळीस. ३०५ मीटरची दोन खोकी लागतील. २४ पोर्टचा मॅनेज्ड पीओई स्विच (सेटिंग बदलता येणारा आणि डेटाच्या वायरीतूनच वीज देणारा), २४ पोर्टचा पॅच पॅनेल (सगळ्या वायरींची टोकं जिथे येतात ती पट्टी), हे सगळं ठेवायला भिंतीवरचा ६यू रॅक.

पीओईचा हिशोब: चार कॅमेरे प्रत्येकी सहा वॅट, दोन ॲक्सेस पॉइंट प्रत्येकी तेरा धरले तरी पन्नास वॅट. स्विचची क्षमता त्याच्या कितीतरी वर आहे.

१२ जून, बुधवार

केबल आली. खोकं उचललं आणि हाताला कळलं, हलकं आहे.

वरती कॅट सिक्स छापलेलं, रंग बरोबर, मीटरचे आकडे बरोबर. एक तार ब्लेडनं खरवडली. वरून तांबूस, आत पांढरी. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. खात्री करायला ३१ मीटर उलगडली, एका टोकाला जोडीतल्या दोन तारा पिळल्या, दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर लावला. ६२ मीटर शुद्ध तांब्याला चार ओहमच्या जरा वर यायला हवेत. आले साडेसहा.

भाच्याचा प्रश्न रास्त होता: डेटा तर जाईल ना? छोट्या अंतरावर जाईलही. पण याच तारेतून कॅमेऱ्याला वीज जायचीय. रोध जास्त तर वीज वाटेतच उष्णता होऊन संपते. ॲल्युमिनियम ठिसूळ असतं, तारा जॅकमध्ये दाबायच्या पंच टूलखाली तुटतं, आणि आज न तुटलेलं टोक दोन पावसाळ्यांनी गंज धरतं. तेव्हा फोन मलाच येतो.

दुकानदार म्हणाला, "सगळे हेच नेतात, साहेब." नेत असतील. खोकी परत केली, फरकाचे पैसे भरून शुद्ध तांब्याची मागवली. बिलावर "सॉलिड बेअर कॉपर" लिहून घेतलं.

१७ जून, सोमवार (बकरी ईद, ऑफिस बंद)

भोकांचा दिवस.

सकाळी आठला मालक आजोबा जिन्यात उभे. अट एकच: "तुळईला हात लावायचा नाही. सागवान आहे, तुझ्या आजोबांच्या वयाचं." मी म्हटलं, आजोबा, तुळई आणि तक्तपोशी दोन्ही सोडून वायर भिंतीच्या कडेनं नेतो, तुम्ही खुर्ची टाकून बसा. ते खरोखरच खुर्ची टाकून बसले. दिवसभर.

मधल्या भिंतीला दोन फुटी बिट लावून भोक पाडलं. अशा भिंतीत हॅमर चालू ठेवायचा नाही, नुसतं फिरवत न्यायचं. हॅमर मारला की पलीकडचा गिलावा ताटाएवढा सुटतो आणि आतली माती थांबायचं नाव घेत नाही. तरी बादलीभर आलीच. भोकात एक इंची पीव्हीसी पाइप बसवला, म्हणजे वायर मातीवर घासणार नाही आणि उद्या एखादी वाढवायची तर पुन्हा ड्रिल नको. गॅलरीकडच्या भोकाला बाहेरच्या बाजूनं उतार दिला. पावसाळा तोंडावर आलाय.

विजेच्या पट्टीत डेटाची वायर घालायची नाही, हे भाच्याला तीनदा सांगितलं. जिथे ओलांडायची तिथे काटकोनात.

दुपारी पोटमाळ्यावर मजा सापडली. फायबरच्या डब्यापासून अण्णांच्या स्विचपर्यंतची जुनी वायर एका जागी उंदरानं कुरतडलेली. निळी आणि तपकिरी जोडी तुटलेली, नारिंगी आणि हिरवी शाबूत. उंदराच्या बाबतीत हा निव्वळ योगायोग, पण नेटवर्कच्या दृष्टीनं अगदी नेमका: शंभर एमबीपीएसला दोनच जोड्या पुरतात, नारिंगी आणि हिरवी. गिगाबिटला चारही लागतात. दोन्ही टोकांची यंत्रं गिगाबिटची असूनही जोडणी निमूटपणे शंभरावर उतरून चालत राहिली आणि कुणाला पत्ता लागला नाही. पूर्ण तुटली असती तर दुसऱ्याच दिवशी कोणीतरी दुरुस्त केली असती.

पोटमाळ्यावरच्या सगळ्या वायरी आता बंद पाइपातून. केसिंग पट्टी फक्त खोल्यांमध्ये, जिथे डोळ्यांसमोर आहे.

१८ जून, मंगळवार

मुलं येण्याआधी आणि गेल्यानंतर काम. वीस टोकं पॅच पॅनेलवर, वीस भिंतीतल्या जॅकवर. सगळीकडे ५६८-बी (तारांच्या रंगांचा ठरलेला क्रम, दुसरा ५६८-ए). एका टोकाला ए आणि दुसऱ्याला बी झालं तरी आजकालची यंत्रं चालवून घेतात, पण दोन वर्षांनी दुसरा कोणी टोक बदलायला आला की त्याच्या शिव्या मला.

भाच्यानं हौसेनं सहा पॅच कॉर्ड (यंत्र आणि जॅक जोडणाऱ्या छोट्या वायरी) स्वतः क्रिम्प केल्या, म्हणजे टोकांना प्लग दाबून बसवले. टेस्टरवर एक ते आठ दिवे ओळीनं लागले. तो खूश. लावून पाहिल्या, तर जोडणी येते-जाते. कॉर्ड प्रकाशात धरली तेव्हा दिसलं, रंग जोडीजोडीनं लावलेत: नारिंगी दोन, हिरवे दोन, निळे दोन, तपकिरी दोन. दोन्ही टोकांना तसंच, म्हणून टेस्टरला सगळं बरोबर. तो फक्त तार सलग आहे का ते पाहतो. कोणती तार कुणाशी पिळलीय ते त्याला कळत नाही. ३ आणि ६ या पिना एकाच पिळातल्या हव्यात, म्हणून हिरवी जोडी निळीच्या दोन बाजूंना फाकवायची. पीळ जुळला नाही की शेजारच्या जोडीचा आवाज आत शिरतो.

सहाही कापल्या. तयार कॉर्ड आणल्या. भाचा खट्टू झाला. त्याला म्हटलं, मी पहिल्या नोकरीत अशा चाळीस केल्या होत्या.

२० जून, गुरुवार

आज हात लावायचा नाही असं आधीच ठरलेलं. जीएसटीआर-३बी या जीएसटीच्या रिटर्नची शेवटची तारीख.

पण सव्वाअकराला फोन. गुरुवार, पेठेत दुरुस्तीसाठी वीज बंद. पीसी इन्व्हर्टरवर चालू, नेट गायब. फायबरचा डबा पोटमाळ्यावरच्या साध्या प्लगात, इन्व्हर्टरच्या लाइनवर नाहीच! आजवर असं झालं की आर्टिकलची मुलं मोबाईलच्या हॉटस्पॉटवर रिटर्न भरायची, आणि त्यालाही नाव "वायफाय गेलं".

गाडीत पडलेला छोटा यूपीएस नेऊन लावला. दहा मिनिटांचं काम. रॅकच्या यादीत यूपीएस होताच. फायबरचा डबाही आता रॅकमध्येच येणार. इन्व्हर्टर असला तरी यूपीएस हवा, कारण वीज पलटताना इन्व्हर्टर जो क्षणभर घेतो तेवढ्यात स्विच रीस्टार्ट होतो आणि सगळ्यांची दोन-तीन मिनिटं जातात.

२१ जून, शुक्रवार (वटपौर्णिमा)

ऑफिसातल्या तिघी दुपारनंतर येणार, म्हणून सकाळ मोकळी मिळाली. रॅक चढवला. पत्र्याला हात लागला तर झिणझिण्या. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये १४ व्होल्ट. दोनेक व्होल्टच्या वर काही असणं बरं नव्हे. इलेक्ट्रिशियन दादांना बोलावलं. अर्थिंगची वायर मीटरपाशी नुसती टेपनं गुंडाळलेली होती. नीट जोडून घेतली. दीड व्होल्टवर आलं.

यंत्रांच्या (आयपी) पत्त्यांची आखणी. आत्ता सगळं १९२.१६८.१ मालिकेत आहे, आणि मुलांच्या घरचे राउटरही त्याच मालिकेत. उद्या मॅडमना घरून ऑफिसच्या मशीनला जोडायचं झालं तर दोन्हीकडे तेच पत्ते, गोंधळ नक्की. म्हणून ऑफिस १०.२०.१०, कॅमेरे १०.२०.२०, पाहुणे १०.२०.३०. तिन्ही वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे एकाच स्विचवर पण एकमेकांपासून तोडलेली. तिसरा आकडा पाहिला की यंत्र कुठलं ते कळतं.

नेटवाल्याचा माणूस संध्याकाळी येऊन डबा ब्रिज मोडवर (तो नुसतं नेट पुढे देईल असा) टाकून गेला. आता पीपीपीओई, म्हणजे नेट कंपनीकडचं लॉग-इन, आपल्या राउटरवर.

२२–२३ जून, शनिवार-रविवार

शनिवारी रात्री साडेआठला जुनं काढून नवं लावलं. डेस्कटॉप अर्ध्या तासात चालू. तीच एक जीबीची फाइल आता दहा सेकंदांत.

मग अडथळे. प्रिंटर जुन्या मालिकेतला पत्ता धरून बसलेला. लॅपटॉपला हातानं जुना पत्ता देऊन त्याच्यापर्यंत पोचलो आणि बदलला. काही साइट लगेच उघडत, काही पांढऱ्याच राहत. ही चूक माझी: एमटीयू (डेटाच्या एका पाकिटाचा कमाल आकार) १५०० ठेवला होता. पीपीपीओई प्रत्येक पाकिटातले आठ बाइट स्वतःकडे ठेवतं, म्हणून १४९२. बदलला, सगळ्या उघडल्या.

हजेरीचं मशीन मात्र ऐकेना. पत्ता बदलायला ॲडमिनचा अंगठा हवा. ॲडमिन कोण? दोन वर्षांपूर्वी आर्टिकलशिप संपवून गेलेला मुलगा. अण्णांनी त्याला फोन लावला. कोथरूडला राहतो. रविवारी सकाळी आला, अंगठा दिला, चहा घेतला, मॅडमना नमस्कार सांगून गेला. आता ॲडमिन म्हणून मॅडम आणि अण्णा, दोघांचे अंगठे.

२४ जून, सोमवार

११:४०. "काहीच चालत नाही." काहीच म्हणजे खरोखर काहीच: टॅली, प्रिंट, नेट, कॅमेरे.

पोचलो तर स्विचवरचे सगळे दिवे एका तालात, वेड्यासारखे लुकलुकताहेत. हे एकदा पाहिलं की विसरत नाही. कुठेतरी वेटोळं झालंय. एकच संदेश गोल गोल फिरून फुगत चाललाय. पॅनेलवरची एकेक कॉर्ड काढत गेलो. अकरावी काढली आणि दिवे शांत. लेबल: "मागची खोली, जादा २".

मागच्या खोलीत भिंतीतल्या दोन शेजारच्या जॅकमध्ये एकाच कॉर्डची दोन टोकं. अण्णांनी सकाळी टेबल आवरताना पाहिलं, एक टोक लोंबकळतंय. शेजारी रिकामं भोक आहे. नीट खोचून ठेवलं. त्यांना काय बोलणार? व्यवस्थित माणूस दुसरं काय करेल?

चूक पुन्हा माझीच. रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली यावर उपाय काढून ठेवलाय, स्पॅनिंग ट्री. वेटोळं दिसलं की स्विच स्वतःच एक वाट बंद करतो. या स्विचमध्ये तो आहे, पण पेटीतून येताना बंद होता, आणि मी यादीत पाहून घेतला नाही. चालू केला. मग अण्णांना म्हटलं, तीच कॉर्ड तशीच पुन्हा खोचा. त्यांनी भीत भीत खोचली. एक दिवा केशरी झाला, बाकी सगळं चालू. जादा जॅकही स्विचवरून बंद करून ठेवलेत.

२७ जून, गुरुवार

वायफाय. मुद्दाम शेवटी ठेवलं.

दोन ॲक्सेस पॉइंट, दोन्ही वायरवर, खोलीला एक. २.४ वर चॅनल १ आणि ११, वीसच मेगाहर्ट्झ रुंदी. ५ वर एकाला ३६, दुसऱ्याला १४९. नाव दोन्हीकडे एकच. तरी पुढच्या खोलीतला फोन मागे नेला की जुन्यालाच चिकटून राही. ताकद कमी केली तेव्हा सुटला. लोकांना वाटतं आवाज वाढवला की बरं ऐकू येतं. इथे ॲक्सेस पॉइंट ओरडतो, पण फोनचा आवाज तेवढाच राहतो. फोनला वाटतं जोडलेलो आहोत, आणि त्याचं उत्तर पोचतच नाही. आता मधल्या भिंतीपाशी बोलत बोलत गेलं तरी कॉल तुटत नाही. मागच्या खोलीत उणे ५२.

पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं. फॉर्म सोळा घेऊन येणाऱ्या अशिलांना पासवर्ड लागतोच, आणि आजवर मिळायचा तो टॅलीवाल्या नेटवर्कचा.

गॅलरीतला कॅमेरा पावसात. वायर कॅमेऱ्याखाली लोंबती ठेवून मग वर वळवली, पाणी तिथूनच टपकतं. जोड डब्यात.

३० जून, रविवार

पालख्या पुण्यात. रस्ते बंद, गाडी नेता आली नाही, लेबलं छापायचं टेपमशीन खिशात घालून चालत गेलो. दिवसभर लेबलं. प्रत्येक जॅकवर आणि पॅनेलवर तोच आकडा. रॅकच्या दाराच्या आतून नकाशा चिकटवला, पासवर्ड बंद पाकिटात मॅडमच्या कपाटात. जुनं एक्स्टेंडर आणि पाच डाँगल पिशवीत घालून अण्णांकडे दिले. अण्णा काही फेकत नाहीत.

३ जुलै, बुधवार

मॅडमना कॅमेरे घरून पाहायचेत. राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता पाहिला: १०० नं सुरू, दुसरा आकडा ७२. १००.६४ ते १००.१२७ ही मालिका नेट कंपन्यांनी स्वतःच्या जाळ्याच्या आत वापरायची. म्हणजे अनेक गिऱ्हाइकं एकाच खऱ्या पत्त्यामागे. राउटरचे पोर्ट (आत येण्याच्या वाटा) कितीही उघडा, बाहेरून कोणी आत पोचणार नाही. स्वतंत्र पत्त्याचे महिन्याला वेगळे पैसे. त्याऐवजी ऑफिसात एक आणि मॅडमच्या फोनवर एक टेलस्केल (दोन यंत्रं खासगी वाटेनं जोडणारं ॲप) टाकलं. दोघं आतून बाहेर येऊन भेटतात, त्यामुळे एकही पोर्ट उघडावा लागत नाही. हे मला जास्त आवडतं. उघडा पडलेला कॅमेरा शोधत फिरणारे कमी नाहीत.

६ जुलै, शनिवार

हिशोब आणि चावी परत करायला गेलो. जुलैत दिसलो, पण रिटर्न भरायला बसवलं नाही.

मॅडम मागच्या खोलीतल्या मुलीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "बघा, वायफाय किती फास्ट झालं हिचं." तिच्या मशीनला दोन आठवड्यांपासून निळी वायर लावलेली आहे. मी काही बोललो नाही.

उतरताना आजोबा सोप्यावर. "काय रे, त्या भोकातून आमच्याकडे येतं का ते?" फोन काढून पाहिलं. पाहुण्यांचं नेटवर्क, उणे ७१. कीर्तन ऐकण्यापुरतं येईल. मॅडमना विचारून सांगतो म्हटलं, तर म्हणाले, "मीच विचारलंय सकाळी. तू फक्त ते कसं लावायचं ते दाखव."